काढता पाय : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील माघारीचा इतिहास

या व्याख्यानमालेत आजवर आम्ही बोललो ते बहुतेक ग्रंथांविषयी. आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा फोन करून विचारलं, “सर, नक्की हाच ना?” हाच. टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ, त्यात राक्षसांशी होणारी मारामारी, आणि त्या मारामारीतून पळून जाणे. पळून जाण्याचाही इतिहास असतो, आणि या खेळातला तो इतिहास छापील नियमांमध्ये पानापानावर सापडतो.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू आणि सोसायटीतली तीन मुलं आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ खेळत होती. आम्हालाही घेतलं. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एक जण खेळ चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो सांगतो की समोर गुहा आहे, आतून कुजका वास येतोय. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासे टाकतात. हारजीत नसते. पात्र एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत चालत राहतं, महिनोन्‌महिने, आणि मेलं तर साधारणपणे मेलंच.

गुहेत दोन ट्रोल निघाले. ट्रोल म्हणजे लांब हातांचा प्राणी, ज्याची जखम आपोआप भरते. आग किंवा ॲसिड लागलं तरच भरायची थांबते. आमच्याजवळची एकुलती मशाल आधीच पाण्यात पडली होती. दोन फेऱ्या झाल्यावर समोरच्या इमारतीतली तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, “आजोबा, निघूया.” आम्ही म्हणालो, “आता कुठे त्याचं निम्मं झालंय. एवढं केलेलं वाया घालवायचं का?” सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर मुलं थांबली. ट्रोलची जखम भरली. पुढच्या फेरीत तिचं पात्र पडलं, तिला सोडून कसं जायचं म्हणून आम्ही थांबलो, आणि मग एकेक करत सगळेच गेले. ते पात्र ती दीड वर्षं खेळत होती. वहीत त्याची चित्रं होती, त्याच्या आईचं नाव होतं, त्याला कुठल्या भाज्या आवडत नाहीत हेसुद्धा होतं. तिने वही मिटली आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही कॉलेजात लॉजिक शिकवायचात ना?”

शिकवायचो. म्हणून तर आम्हाला झोप लागेना. ‘एवढं केलंय, आता मागे कसं फिरायचं’ ही चूक आम्ही तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवली, आणि फासे हातात आल्यावर दहा मिनिटांत तीच केली. मग नातवाकडून या खेळाची जुनी नियमपुस्तकं मागून घेतली आणि वाचायला बसलो. चूक आमचीच, त्याबद्दल वाद नाही. पण पुस्तकं वाचताना असं दिसलं की पन्नास वर्षांपूर्वी याच खेळाने आम्हाला पळायला मदत केली असती.

या खेळाचे पूर्वज म्हणजे लष्करी खेळ. प्रशियात राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’चे नियम छापले. अमेरिकेत ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९५८ मध्ये ‘टॅक्टिक्स टू’ काढला. त्यात फासा टाकून एका तक्त्यात निकाल बघायचा, आणि त्या निकालांपैकी एक असे ‘दोन घरं मागे’. इथे माघार ही घडणारी गोष्ट आहे, कोणी ठरवलेली नव्हे. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या सोंगटीला भीती वाटली की नाही, हे तक्ता सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’मध्येही तसंच: चकमक झाली की हिशोब करायचा आणि कोणती तुकडी डगमगली ते बघायचं.

दरम्यान मिनेसोटात वेगळं काही चाललं होतं. डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला, त्यात प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ‘ब्लॅकमूर’ या किल्ल्याखालची भुयारं रचली आणि मित्रांना त्यात उतरवलं. सोंगटी म्हणजे शंभर सैनिक नव्हे, सोंगटी म्हणजे मी. आता तक्त्याने ‘तू घाबरलास’ असं सांगणं कोणाला रुचेल? आमच्या मते या खेळाच्या जन्मातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. राक्षसांचं धैर्य फाशांकडेच राहिलं, माणसांचं धैर्य टेबलाभोवतीच्या माणसांकडे आलं. पळायचं की नाही हा तिथून पुढे निर्णय झाला.

आर्नेसन आणि गायगॅक्स यांनी मिळून केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावातून निघाला. तीन बारक्या पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. तिसऱ्या पुस्तिकेत पाठलाग चुकवण्याचे नियम आहेत. थोडक्याच ओळी, पण आम्ही त्या चारदा वाचल्या. राक्षस सरळ रेषेत मागे लागतो, पण अंतर नव्वद फुटांच्या वर गेलं की पाठलाग सोडतो; तुम्ही कोपरा वळलात, दारातून गेलात, जिना चढलात, तर एक फासा टाकायचा: एक किंवा दोन पडले तरच तो मागे येतो. गुप्त दारातून गेलात तर फक्त एक पडला तरच. जळतं तेल मागे टाकलंत तर पुष्कळ राक्षस थबकतात.

आणि पुढचं तर फारच सुंदर आहे. मागे खाण्याचं सामान फेकलं तर बुद्धी नसलेला प्राणी शंभरात नव्वद वेळा त्यात गुंततो, अर्धवट बुद्धीचा पन्नास वेळा, बुद्धिमान फक्त दहा वेळा. खजिना फेकला तर याच्या उलट: जितकी बुद्धी जास्त तितका तो सोन्यापाशी थांबण्याचा संभव जास्त. बुद्धी म्हणजे काय, यावर आम्ही बरेच निबंध तपासले आहेत. इतक्या कमी शब्दांत इतकं बोचरं उत्तर एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं.

सोनं फेकायचं म्हणजे काय फेकायचं, हे समजायला त्या काळचा गुणांचा हिशोब बघावा लागतो. टॉम मोल्डवेने १९८१ मध्ये संपादित केलेलं प्राथमिक पुस्तक घ्या, त्यात तो सर्वांत स्वच्छ दिसतो. लढवय्याला दुसऱ्या पायरीवर चढायला अनुभवाचे दोन हजार गुण लागतात. एक ऑर्क मारला की दहा गुण, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे एकट्याने दोनशे ऑर्क मारायचे. आणि पहिल्या पायरीवरच्या लढवय्याचे हिट पॉइंट साधारणपणे फार तर आठ, ऑर्कच्या दोन घावांत संपणारे. उलट भुयारातून सुखरूप वर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण. लढाई हा सरळसरळ तोट्याचा धंदा! शहाणा खेळाडू राक्षस झोपलेला असताना पेटी उचलतो आणि चालता होतो.

पण पेटी जड असते. या पुस्तकात वजन मोजायचं एकक कोणतं? नाणं. चारशे नाण्यांइतकं ओझं असेल तोवर माणूस एका टर्नमध्ये एकशेवीस फूट जातो. आठशेच्या वर गेलं की तीस फूट. सोळाशेच्या वर तो हलतच नाही. ज्या नाण्यांनी पायरी चढायची तीच नाणी पायांत बेडी होतात, आणि मागून कोणी धावत आलं तर त्यांतलीच मूठमूठ मागे टाकत सुटायचं. प्रत्येक पावलाला प्रश्न असा, की या प्रगतीतली किती प्रगती सोडली तर जीव वाचेल? शिर सलामत तो पगडी पचास हे आपण सहज म्हणतो. इथे पगड्या मोजून द्याव्या लागत.

याच पुस्तकात राक्षसांच्या धैर्याला दोन ते बारा असा आकडा आहे. गोब्लिनला सात, ऑर्कला आठ, सांगाड्यांना बारा. बारावाला कधी पळत नाही. एका बाजूचा पहिला जण मेला की दोन फासे टाकायचे, निम्मे पडले की परत टाकायचे. बेरीज आकड्याच्या वर गेली की ते पळतात किंवा शरण येतात. खेळाडूंच्या पात्रांना ही परीक्षा नाही. पण आम्हाला वाटतं की तिचा उपयोग त्यांनाच जास्त होता. पहिला मेला, थांबा, फासे टाका. निम्मे पडले, थांबा, फासे टाका. दर लढाईत अशा दोन जागा ठरलेल्या, जिथे सगळं टेबल मान वर करून विचारतं, की हे पुढे चालायचं आहे का? विचारलं राक्षसांबद्दल जातं. ऐकू सगळ्यांना येतं.

इथे एक आडवळण घेतो, आमच्या व्यवसायाची खोड म्हणून. प्लेटोचा ‘लाखेस’ हा संवाद धैर्य म्हणजे काय या प्रश्नावर आहे. लाखेस हा सेनापती. तो म्हणतो, सोपं आहे, जो रांगेत उभा राहून शत्रूशी लढतो आणि पळत नाही तो शूर. सॉक्रेटीस त्याला सिथियन घोडेस्वारांची आठवण देतो, जे पळता पळता लढतात, आणि प्लॅटिआच्या रणातल्या स्पार्टनांची, जे आधी मागे हटले आणि मग उलटून जिंकले. मौज अशी, की याच लाखेसने स्वतः सॉक्रेटिसाला माघार घेताना पाहिलेलं आहे, ख्रिस्तपूर्व ४२४ मध्ये, डेलियमच्या पराभवानंतर. ‘सिम्पोझियम’मध्ये अल्किबायडीस त्याचं वर्णन करतो: हा गृहस्थ आजूबाजूला शांतपणे बघत, सावकाश चालला होता, आणि अशा माणसाच्या वाटेला कोणी जात नाही, ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्यांचाच पाठलाग होतो. आता मोल्डवेचा नियम ऐका. लढत लढत मागे सरकायचं तर निम्म्या वेगाने, त्याला दंड नाही. त्याहून वेगाने पाठ फिरवलीत तर शत्रूला फाशावर दोनची बढत, आणि तुमच्या ढालीचा उपयोग नाही. लेक जिनीव्हाच्या मंडळींनी प्लेटो वाचला होता असं आम्ही म्हणत नाही. भुयारात वारंवार मेलेल्या माणसांना ते आपोआप कळलं असणार.

पुढे हे कसं बदललं? एका दिवसात नाही, आणि कोणाच्या दुष्टपणाने तर नाहीच. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ या मालिकेची पहिली साहसकथा आली. तिथे आधीच रचलेली मोठी कहाणी होती, आणि कहाणीला तिचे नायक हवे असतात. वाटेत कोणी मेलं तर तो मृत्यू संदिग्ध ठेवा, म्हणजे पुढे परत आणता येईल, अशीही सोय पुस्तकातच होती. नायक पेटी उचलून पळाला तर कहाणी अडते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्यासाठी गुण देणं ऐच्छिक झालं. मग २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा राक्षसांच्या धैर्याचा आकडा गेला आणि त्या जागी प्रत्येक राक्षसाला आव्हानाचा आकडा आला: कितव्या पायरीच्या गटाला हा झेपेल.

सोयीची गोष्ट आहे, नातू ती रोज वापरतो. पण तिचा एक परिणाम खेळाडूच्या डोक्यात होतो. पूर्वी भुयाराचा जिना उतरलं की धोका वाढतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणजे किती धोका घ्यायचा हे खेळाडूच जिन्यावर उभं राहून ठरवत. आता खेळाडू मनाशी म्हणतो, ज्या अर्थी हा राक्षस समोर ठेवलाय त्या अर्थी तो आम्हाला झेपणारच. हे अनुमान राक्षसाबद्दलचं नाही, डंजन मास्टरच्या मनाबद्दलचं आहे. पुस्तकाला हा धोका माहीत होता असं दिसतं. तिसऱ्या आवृत्तीच्या मार्गदर्शक ग्रंथात तक्ता आहे की शंभरातल्या पाच चकमकी अशा असाव्यात ज्यांत गटाने पळूनच जावं. पण या पाचांतली ही एक आहे, हे खेळाडूला कळावं कसं? आम्हाला ट्रोल दिसले तेव्हा आम्ही हेच म्हणालो होतो, की नातू आपल्याला मारायला थोडाच बसलाय!

आता २०१४ ची पाचवी आवृत्ती, जी आमच्या टेबलावर होती. तिच्यात गणित बघा. माणसाचा वेग एका फेरीत तीस फूट, ट्रोलचाही तीस. तुम्ही नुसते मागे फिरलात तर जाता जाता त्याचा एक घाव खाता. तो चुकवायचा तर फेरीतली तुमची कृती त्यातच खर्च होते. तुम्ही तीस फूट जाता, तो तीस फूट येतो आणि मारतो. कृती पळण्यात घातली तर साठ फूट, पण मग तो निघतानाचा घाव आलाच. पाठलागाचे वेगळे नियम मार्गदर्शक ग्रंथात आहेत, धैर्याची परीक्षाही ऐच्छिक म्हणून तिथेच आहे. पण लढाईच्या मध्यावर कोण तो ग्रंथ उघडतो?

दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा लक्षात आली. मोल्डवेच्या पुस्तकात हिट पॉइंट शून्य झाले की पात्र मेलं. कठोर आहे, पण उरलेले मोकळे: मेलेल्यासाठी थांबून काय करणार? पाचव्या आवृत्तीत शून्यावर पात्र बेशुद्ध पडतं, तीन वेळा फासा विरुद्ध गेला तर मरतं, आणि तोवर कोणीही त्याला वाचवू शकतं. नियम दयाळू आहे. पण या दयेमुळेच माघार अशक्य होते, कारण आता निघून जाणं म्हणजे जिवंत मैत्रिणीला टाकून जाणं. पहिला कोणी पडेपर्यंत कोणालाच पळायची गरज वाटत नाही, आणि पहिला पडल्यावर कोणालाच पळणं शोभत नाही. आमच्या चौघांचं नेमकं हेच झालं.

आपल्याकडे १३ जुलै १६६० च्या घोडखिंडीची गोष्ट आपण लढाईची म्हणून सांगतो. ती माघारीची गोष्ट आहे. पन्हाळ्याहून निघालेल्यांना विशाळगडाला पोचायचं होतं, आणि त्यासाठी मागे कोण उभं राहणार हे ठरलेलं होतं. पाळीपाळीने खेळायच्या खेळात नेमकं हेच ठरत नाही. प्रत्येकाची पाळी वेगळी. मी पहिला निघालो तर उरलेल्यांवरचा मार वाढतो आणि मी भित्रा ठरतो. मी थांबलो आणि दुसरा निघाला तर मी मेलो. सगळ्यांना मनातून निघायचं असतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ती मुलगी तेवढी बोलली, आणि तिला आम्ही गप्प केलं.

या कोड्यावरचा सर्वांत सरळ तोडगा आम्हाला ‘थर्टींथ एज’ या २०१३ च्या खेळात सापडला. तो केला रॉब हाइन्सू आणि जोनाथन ट्वीट यांनी, आणि यातला ट्वीट हा त्याच तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक. नियम असा: आपल्या पाळीला कोणीही म्हणू शकतो की आपण सगळे पळूया. सगळे हो म्हणाले तर माघार यशस्वी. फासे नाहीत, फूट मोजणं नाही, पडलेल्यांनाही उचलून नेता येतं. किंमत मात्र द्यावी लागते: कथेत काहीतरी हातचं जातं, ज्या कामाला निघालात त्याचं नुकसान होतं. नातू म्हणाला, हे फार सोपं झालं. आम्हाला तसं वाटत नाही. ‘सगळे हो म्हणाले तर’ हे चार शब्द अजिबात सोपे नाहीत. फरक इतकाच, की हा प्रश्न मोठ्याने विचारायला आता नियमाची परवानगी आहे आणि विचारणारा भित्रा ठरत नाही. त्या दुपारी आमच्या टेबलावर हा नियम असता तरी आम्ही ‘नाही’ म्हणालो असतो का? बहुधा म्हणालो असतो. पण मग चार जणांच्या देखत स्पष्ट ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. “अजून एक फेरी” असं पुटपुटून सुटका झाली नसती.

डिसेंबरात पुन्हा बैठक झाली. आम्ही मुलीची माफी मागितली, तिने खांदे उडवले आणि नव्या वहीचं पहिलं पान दाखवलं. नवीन पात्र, बुटकी, चिडकी, गळ्यात कांद्याची माळ. नातवाने १९७४ चे पाठलागाचे नियम चालवून बघायचं कबूल केलं होतं. तासाभरात अस्वलाचं अंग आणि घुबडाचं तोंड असलेला एक प्राणी पुढे आला. ती म्हणाली, “जायचं?” सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही म्हणालो, “जायचं.”

धावता धावता तीन दिवसांचं खाणं मागे फेकलं. नातवाने निकाल दिला की या प्राण्याला बुद्धी नाही, म्हणजे नव्वदपर्यंत पडलं तर तो थांबणार. पडले चौऱ्याण्णव. तो खाण्यावरून उडी मारून आला. मग कोपरा आला, नातवाने सहाचा फासा टाकला, चार पडले, आणि तो मागेच राहिला. मुलीने वही उघडून सामानाच्या यादीत एक ओळ खोडली. कांद्याची माळ मात्र ठेवली.